विनंतीपेटीतली माझी चिठ्ठी

बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मरियामातेच्या साप्ताहिक प्रार्थनेला, आमच्या चर्चमध्ये विनंतीपेटीतल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतात. नाव लिहायचं नसतं. कुणाला नोकरी हवी असते, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं. ऐरोलीत राहायला आल्यापासून मी त्या ऐकतोय, पण स्वतः कधी टाकली नव्हती. मला पुरुष आवडतात, हे मी फक्त पापनिवेदनात बोललो होतो. फादर म्हणाले, "आकर्षण वाटणं हे पाप नाही रे बाबा. चर्च ब्रह्मचर्याची वाट दाखवतं, ती सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पण तोंड लपवून चाल, असं कोण म्हणतं? घरात एकाला तरी सांग." तर वसईचे मामा दुसऱ्या कुणाचा विषय निघाला की म्हणायचे, असलं काही असेल तर देवाला सांगावं, गावाला कशाला? इकडे आड तिकडे विहीर! त्यात आईनं स्थळ आणलं. मुलीकडचे रविवारी येणार होते.

मग बुधवारी मी ऑफिसातून थेट चर्च गाठलं आणि लिहिलं, 'मरियामाते, मला पुरुष आवडतात. रविवारी एका मुलीला फसवायची वेळ येईल. मला खरं बोलायचा धीर दे. आणि माझ्या आईला हे कधी कळू देऊ नकोस.' एका चिठ्ठीत दोन उलट्या मागण्या, पण तेव्हा अक्कल कुठे होती! पेटीत टाकली आणि शेवटच्या बाकावर बसलो. आई नेहमीसारखी पुढे होती.

आणि काय सांगू, नेहमी वाचणाऱ्या बाईंचा घसा नेमका त्या दिवशी बसला. त्यांनी खुणेनं पुढच्या बाकावरून बोलावलं कुणाला? माझ्या आईला! जिनं माझ्याकडून अक्षर गिरवून घेतलं, तिला! पळावंसं वाटलं, पण बसून राहिलो. चार चिठ्ठ्या झाल्या. पाचवीला ती थांबली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग एकेक शब्द स्वच्छ वाचला. शेवटची ओळ मात्र तिनं बदलली, "आणि माझ्या आईला आता कळलंय. तिलाही धीर दे."

"मरियामाते, आमच्यासाठी विनंती कर," अख्खं चर्च म्हणालं. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. एवढी माणसं माझ्यासाठी प्रार्थना करत होती! मी हमसून हमसून रडलो.

बाहेर आई म्हणाली, "रविवारचं मी फोन करून नको सांगते. मला सगळं समजलंय असं नाही हां, वेळ लागेल." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अक्षर अजून तसंच गिचमिड आहे तुझं. चल, भूक लागलीय."

काय मागावं हेही आपल्याला कळत नाही, म्हणून मरियामातेच्या हाती सोपवायचं. माझी एक मागणी तिनं ऐकली, दुसरी नाकारली. त्या नाकारलेल्या मागणीसाठी पुढच्या बुधवारी मी आभाराची चिठ्ठी टाकली. खाली माझं नाव लिहिलं.