तुकडा नाही, दाणा म्हणा

डॉक्टर लोक केसपेपर सांभाळतात, आम्ही खालच्या लोकांनी पेशंटचं बोलणं सांभाळलं. मुद्दाम नाही. पट्ट्या बदलता बदलता ते आपोआप साठत गेलं.

साठ सालानंतर काही वर्षं मी यवतमाळच्या एका दवाखान्यात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात ड्रेसर होतो. पेशंट मात्र मला कंपाउंडरच म्हणत. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडली आणि तपासताना प्रोस्टेटची गाठ टणक लागली, की आमचे बोरकर डॉक्टर सुईने त्या गाठीचा कण काढत. तो बाटलीत घालून नागपूरला जायचा. तिथे कॅन्सर आहे की नाही ते बघत. याचं नाव बायोप्सी. डॉक्टरांचं काम दहा मिनिटांचं. आधी काय होणार, नंतर काय होणार, हे पेशंटला सांगायचं काम माझं, कारण डॉक्टर पुण्याचे, इकडची बोली त्यांना जमत नसे!

*

राळेगावकडच्या गुलाबरावांना डॉक्टर म्हणाले, "उद्या तुमच्या गाठीचा तुकडा काढू."

दुपारी खाट रिकामी! माणूस वळकटीसकट एसटी स्टँडवर सापडला.

"काहून पळाले, गुलाबराव?"

"तुकडा काढतो म्हनते तो! मंग राह्यते काय आपल्यापाशी?"

मी म्हणालो, "अहो, तुकडा म्हणजे केवढा? ज्वारीच्या दाण्याहून लहान. आधी सुन्न करायचं इंजेक्शन देतात. सुई टोचल्यासारखं होतं, संपलं."

गुलाबराव भडकले. "मंग दाना म्हना ना! तुकडा कायले म्हनता?"

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात दाणाच काढला जाई. पळालं कुणी नाही.

*

एका बंजारा तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, आले. उंच, पांढऱ्या मिशा, डोक्यावर लाल पागोटं. तपासणी मागच्या बाजूने बोट घालून करावी लागते, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले. पागोटं तेवढं काढलं नाही.

डॉक्टर घाईत होते. आले, हातमोजा चढवला आणि सुरूच केलं.

नाईक भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्यात पाव्हन्याले आधी नाव-गाव इचारतेत!"

डॉक्टर थांबले. मोजा काढला, स्टूल ओढून बसले. नाव विचारलं, तांडा विचारला, नातवंडं विचारली. मग नाईकच म्हणाले, "हां. आता करा."

*

सुई घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, मग थांबते. एका तेल्याची मात्र आठवडा झाला तरी थांबेना. डॉक्टरांनी आधी तीनदा विचारलं होतं, "काही औषध घेता का?" तीनदा उत्तर मिळालं होतं, "नाही."

मी त्याची पिशवी आवरायला घेतली, तर आत डोकेदुखीच्या पुड्यांचा गठ्ठा! त्या पुड्यांनी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून तर डॉक्टर विचारत होते.

"हे काय?"

"हे कुठं औषध हाय? हे तर मी च्यासंगं घेतो!"

*

लघवीचं सगळं सांगायचो, एक गोष्ट राहून जायची. एक शेतकरी पंधरा दिवसांनी परत आला. वॉर्डाला दोन फेऱ्या मारल्या, मग मला बाजूला घेऊन कानात म्हणाला, "घरी... म्हंजे मंडळीसंगं... तिकडूनई लाल आलं नं भाऊ!"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही आठवडे वीर्यातूनही थोडं रक्त येतं, घाबरायचं कारण नाही. आधी सांगत जा.

मी सांगायला लागलो. पुढचाच पेशंट ऐंशीच्या घरातला, दात नसलेला. त्यालाही सांगितलं, "मंडळींबरोबर असताना लाल दिसलं तर भिऊ नका."

म्हाताऱ्याने माझा हात धरला. "तुह्या तोंडात साखर पडो, बापा!"

*

एका गोष्टीत मात्र मी हसत नसे. थंडी वाजून ताप भरला किंवा लघवी बंद झाली, तर घरी थांबायचं नाही. सीताराम पाटलांना घरी सोडताना त्यांच्या तिन्ही मुलांना मी हे दोनदा ऐकवलं. तिघांनी माना हलवल्या. सून दाराशी पदर घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी पाटलांना हुडहुडी भरली. मुलं म्हणाली, गारठा बाधला असेल, काढा द्या. सून म्हणाली, "त्या कंपाउंडरनं काय सांगतलं होतं?" कुणाला आठवेना. तिने स्वतःच गड्याकडून बैलबंडी जुंपून घेतली आणि सासऱ्यांना दवाखान्यात आणलं.

पाटील वाचले, पण चार दिवस काही खरं नव्हतं. पाचव्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "यापुढे मुलांना सांगू नकोस. सुनेला सांग!"

*

कळंबजवळचे पुंजाराम दोन आठवडे लघवीची नळी घालून नऊ नंबरच्या खाटेवर होते. दाणा नागपूरला गेला होता. सख्ख्या धाकट्या भावाशी त्यांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बिनसलेलं. अकरा वर्षं अबोला. शेताला शेत लागून!

मोठ्याला कॅन्सर असेल असं गावात पसरलं आणि दुसऱ्या दिवशी धाकटा डबा घेऊन हजर. खाटेखाली डबा ठेवला, भिंतीला टेकून बसला, डबा रिकामा झाल्यावर घेऊन गेला. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला, "मीठ बराबर हाय?"

"कमी हाय."

चौथ्या दिवशी मीठ बरोबर होतं. पुढे कपाशीचं बोलणं निघालं, मग आईचं. एका दुपारी पाहिलं तर धाकटा मोठ्याच्या पायाला तेल चोळत होता आणि मोठा डोळे मिटून पडला होता.

चौदाव्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टर स्वतः खाटेशी गेले. "पुंजाराम, कॅन्सर नाही. साधी वयाची गाठ आहे. ऑपरेशन करू, नळी निघेल, घरी जा!"

पुंजारामांचा चेहरा उतरला. डॉक्टरांना वाटलं, समजलं नाही. त्यांनी परत सांगितलं.

पुंजारामांनी दाराकडे बघितलं. धाकटा यायची वेळ झाली होती.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "हे आमच्या धाकट्याले नका सांगू."