ठिपक्यांचे नाव

काचेच्या टाकाचे पीळदार टोक पाण्यात बुडवले, की त्याच्या खाचांतून निळी शाई सुटते, धुरासारखी वळत खाली उतरते आणि पेल्याच्या तळाशी जाऊन क्षणभर थांबते… दर रविवारी सकाळी नाशिकच्या आमच्या घराच्या खिडकीशी बसून मी हे पाहत असतो. टाक आणि शाईच्या सहा लहान बाटल्या मुलीने वाढदिवसाला दिल्या. पेल्यात पाणी ओततो ते मात्र आईच्या पितळी तांब्यातून. त्याच्या पोटावर, तिच्या लग्नात ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले, तिचे नाव आहे – गोदावरी.

सातवीत असताना असाच एक टाक माझ्याकडे होता. सिन्नरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी, अक्षर चांगले म्हणून, स्वतःच्या पेटीतून काढून दिलेला. ज्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते, तिथे ती वस्तू थेट देवाशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसली. मग मला शायांचे वेड लागले. दुकानातली गोळी पाण्यात विरघळवून केलेली फिकी निळी, गुरुजींची तांबडी, पोस्टातल्या काकांनी बाटलीच्या तळाची दिलेली काळीनिळी… औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत त्या भरून मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत बसे. काळ्यानिळीला गंजासारखा आंबूस वास होता, घराला तंबाखूचा. आई विड्या वळायची. ओल्या फडक्यातली टेंभुर्णीची पाने, पत्र्याचे माप, कात्री, मांडीवर सूप – आणि भोवती पानांच्या कात्रणांचा ढीग.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आलो तर आईच्या हातात माझा टाक होता, वळलेली विडी धरावी तसा, अलगद. पुढ्यातल्या कात्रणांवर शाईचे ठिपकेच ठिपके. तेही काळ्यानिळीचे, जी मी थेंबाथेंबाने पुरवून वापरत होतो.

“शाई काय ठिपके मारायला आहे का?” मी म्हणालो.

“बघत व्हते जरा,” एवढेच बोलून तिने टाक पदराला पुसला आणि माझ्या हाती दिला. मी ती कात्रणे गोळा करून चुलीत टाकली. दुसऱ्या दिवसापासून टाक दप्तरात.

त्याच आठवड्यात सहामाहीचे प्रगतिपुस्तक मिळाले. वडील ट्रकवर, महिना-महिना बाहेर. त्यामुळे पालकाच्या सहीच्या जागी आईचा अंगठा उमटे. मागच्या खेपेला तो पाहून बाकावरच्या मुलांनी मला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून चिडवले होते. पहिल्या तिघांत नंबर असूनही त्या एका निळ्या ठशाने माझी मान खाली जायची.

पुस्तक पुढे ठेवले तेव्हा आई म्हणाली, “दोन दिस थांबता नाय येनार का रं? अन् ते काचेचं कुठं ठिवलं?”

शाळेत राहिले, असे मी सांगितले. ते खोटे होते. दोन दिवस कशाला हवेत, हेही मी विचारले नाही. त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून, टाक काळ्यानिळीत बुडवून, सहीच्या जागी मी तिचे नाव लिहून टाकले.

सकाळी पुस्तक तिच्या हातात होते. अक्षरे वाचता येत नसतानाही ती त्या नावावरून बोट फिरवत होती. “माझं नाव हाय ना हे?” तिने विचारले. मी मान हलवली. “तुझं सलग आलं,” ती म्हणाली, “मला ठिपक्याठिपक्याचंच ठावं व्हतं.” रागावली नाही. पुस्तक दप्तरात घातले आणि सुपाशी जाऊन बसली.

मला काही कळले नाही. कळले ते दिवाळीआधी, भांडी राखेने घासताना. तांब्या उलटा धरला, उन्हात त्यावरचे नाव चमकले – आणि चुलीत काय गेले ते ध्यानात आले. तिला ठाऊक असलेले लिहिलेले नाव हेच एक, आणि ते जसे होते तसेच ती गिरवत होती. ओल्या हातांनी टाक घेऊन मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, चल, मी शिकवतो.

“आता कशाला?” ती हसली. “सही तर झाली माझी.”

पुढे वसतिगृहाच्या अर्जावर, बँकेच्या पुस्तकावर, दवाखान्याच्या कागदावर – तिने दरवेळी कुणी सांगायच्या आत अंगठाच पुढे केला. मी पदवीधर झालो तेव्हा साऱ्या आळीत पेढे वाटले तिने. पदवीच्या प्रमाणपत्रावरची सलग, वळणदार अक्षरे मला अजून नीट बघवत नाहीत.

आता ती नाही. नवी शाई लिहून पाहायची तर लोक स्वतःचे नाव लिहितात, नाहीतर ‘श्री’ काढतात. मी ठिपके देतो, एकेक, टाक न दाबता… परवा मुलगी खांद्यावरून डोकावली. “बाबा, नुसते ठिपके काय देताय? शाई वाया चालली.”

इतक्या वर्षांच्या घासण्याने तांब्यावरचा ‘री’ जवळजवळ पुसून गेला आहे. तो बोटाने चाचपला, टाक पुन्हा बुडवला आणि पुढचा ठिपका ठेवला.