कललेल्या पिशवीचं पथ्य

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हा शहाणपणा माझा एकटीचा आहे, यात सासूचासुद्धा दोष नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आमच्या मळ्यात टोमॅटो, भेंडी, गवार, जे लावू ते यायचं. पाळणा तेवढा हलत नव्हता. जावेच्या बाळाच्या बारशाला घेतलेली कुंची माझ्या हातातून सुटेना, शेवटी तिला वाटी-चमचा देऊन आले. इतकी मी आसुसले होते.

उन्हाळ्यात बारामतीला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयाची पिशवी थोडी मागं कललेली आहे." पुढंही बरंच बोलल्या, पण ऐकतंय कोण? मी तिथंच खचले होते.

घरी येऊन पथ्य मीच ठरवलं. टोमॅटोचं झाड कललं की आपण सुतळीनं तारेला बांधून सरळ करतो ना? मग ही का नाही होणार? कळशी उचलणं बंद, स्कूटी बंद. दुपारी पालथं झोपायचं. पलंगाच्या पायथ्याला विटा लावल्या. आणि सरळ होत आलेली पिशवी पुन्हा हलायला नको म्हणून यांचं अंथरूण मळ्यात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पाठवलं!

सासूबाई म्हणाल्या, "आगं पोरी, आसं कुठं आसतंय व्हय?"

"आत्या, तुमच्या येळंला सोनोग्राफी नव्हती," मी म्हणाले.

पाळी आली की मी न्हाणीत नळ सोडून रडायचे. आणि दुसऱ्या दिवशी पलंगाखाली आणखी विटा सरकवायचे.

दिवाळीनंतर आम्ही दोघं पुन्हा दवाखान्यात गेलो. पिशवी होती तशीच. माझा बांध फुटला. "एवढं पथ्य करून बी सरळ न्हाय झाली, म्याडम."

बाईंनी पुन्हा समजावलं. कुणी डावखुरं असतं, तशी ही जन्मापासूनची ठेवण. पाळीत कंबर जरा जास्त दुखेल, पण दिवस राहायला सहसा तिची आडकाठी नसते. मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं म्हणे. मग त्यांनी विचारलं, पथ्य कसलं? मी सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं.

त्यांनी यांच्याकडं पाहिलं. हे मान खाली घालून म्हणाले, "उन्हाळ्यापास्नं मी मळ्यातच हाय. हिचं रडणं बघवत न्हवतं, म्हणून बोललो न्हाय."

"मग दिवस राहणार कसे?" बाई म्हणाल्या. "आधी यांना घरी न्या. मग लागल्या तर दोघांच्याही तपासण्या करू."

मी पदरात तोंड लपवलं. मुलासाठी सगळे देव मी पाण्यात घातले होते, आणि ज्याच्याशिवाय मूल होत नाही, त्या माणसाला भेंडी राखायला पाठवलं होतं.