तानपुरा विशाखापट्टणमला गेला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे – का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मिरजेत आमच्या गल्लीत कुणाला विमानानं जायचं असलं, की तिकीट मी काढून देते. स्वस्तातलं तिकीट शोधण्याचा मला भारी तोरा. तासाभराचा प्रवास आणि भाडं डोळे पांढरे करणारं – मग मी एक युक्ती करायची. पुणे-हैदराबाद महाग दिसलं, की हैदराबादमार्गे विशाखापट्टणमचं तिकीट काढायचं. ते स्वस्त पडतं. माणसानं मधेच हैदराबादला उतरून चालू लागायचं.

शेजारच्या दस्तगीरचाचांनाही मी असंच तिकीट काढून दिलं. चाचा तानपुरे करतात. हैदराबादच्या एका गायिकेसाठी सहा महिने खपून केलेला तानपुरा ते स्वतः पोचवायला निघाले होते. दुसऱ्याच दिवशी तिचं गाणं होतं.

त्यांची पुण्याची बस सुटली आणि मला आठवलं – सामान मधे उतरत नाही. ते थेट शेवटच्या गावाला जातं. फोन हातातच होता. केला का? नाही. आपली युक्ती फसली, हे आपल्याच तोंडानं कसं सांगायचं? हातात नेऊ देतील, अशी मीच माझी समजूत घातली. एवढा मोठा तानपुरा – हातात!

चाचा उतरले, तानपुरा पुढे गेला. चार दिवसांनी सापडला तो भोपळा तडकलेला. गायिकेनं दुसऱ्याच्या तानपुऱ्यावर वेळ निभावली, आणि पुन्हा चाचांना काम दिलं नाही.

इथवर मूर्खपणा म्हणता येईल. पुढचं मी समजून-उमजून केलं. चाचा आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. "काय चुकलं गं पोरी?" मी म्हणाले, "काउंटरवर तुम्हीच काहीतरी भलतं बोलला असाल." त्यांनी मान डोलावली. "व्हय, आसंल. मला कुठं इंग्रजी येतंय."

तेव्हापासून ते सगळ्यांना हेच सांगतात, हसून. मी शेजारी उभी राहून ऐकते. लाज वाटते – पण बोलले का एकदा तरी?

गेल्या आठवड्यात चाचा पुन्हा आले. भाच्याचं लग्न, हैदराबादलाच. म्हणाले, "तितं काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिवून दे. मागच्यावानी माजी चूक नको व्हायला."

काउंटरवर काय बोलायचं, तेवढंच मी लिहून दिलं. मोठ्या अक्षरांत. चाचांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.