करंगळीएवढी हातोडी

तेव्हा मिठबावला सगळे शिडाचेच मचवे होते. किनाऱ्यावर उंडीच्या झाडाखाली बसून एक सुतार बुडालेल्या मचव्यांच्या हातभर प्रतिकृती करायचा. ज्या घरचा माणूस समुद्रातून परतला नाही, ते घर तसा मचवा करून घ्यायचं आणि देवाजवळ ठेवायचं. त्याचं नाव कुणी विचारत नसे.

माझा थोरला भाऊ मचव्यासकट गेला, तेव्हा आईनं मला त्याच्याकडे पाठवलं. त्याच्यापुढे तीन हातोड्या होत्या. दर खिळ्याआधी तो एकेक उचलून स्वतःच्या नखावर ठोकून बघायचा आणि शेवटी करंगळीएवढीच घ्यायचा. ठोका मारला की फळीला कान लावून थांबायचा.

मी वैतागलो. "मोठी घेवा मां, लवकर होयत."

वर न बघता तो म्हणाला, "मोठ्या हातोडयेन मारलंय तर आतल्यांका लागात."

खुळाच दिसतोय, असं मनात म्हणत मी मचवा घरी आणला. त्याचं बोलणं आईला सांगितलं नाही.

पावसाळ्यात एक खिळा वर आला. मी घरातला हातोडा उचलला. चुलीपाशी पाठमोरी बसलेली आई तिथूनच म्हणाली, "हळू मार रे. तो निजलो आसा."