दुसरं बिस्किट

घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं, तरी सीत्सेचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. तपासणीच्या दिवशी नर्सने कॉफीबरोबर बिस्किट दिलं आणि डबा उघडाच ठेवून म्हणाली, "काका, अजून एक घ्या ना!"

सीत्सेने उघड्या डब्याकडे संशयाने पाहिलं. नेदरलँड्सच्या या अख्ख्या फ्रीसलंड प्रांतात कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा बंद करतात; मरायला टेकलेल्याशिवाय दुसरं बिस्किट कोण कुणाला देतं?

"गाठ नाही. आता सहा महिन्यांनी या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

'थापा मारतात लेकाचे!' तो धुमसतच घरी आला.

आफकेने, त्याच्या बायकोने, निकाल ऐकला, कॉफी ओतली, एक बिस्किट दिलं. त्याने मुद्दाम दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

तिने खाडकन झाकण लावलं. "लाडावलास काय रे?"

रेडिएशनच्या दिवसांत हाच डबा त्याच्यापुढे सताड उघडा असायचा. सीत्सेचा आत्ता कुठे विश्वास बसला.