शुभेच्छुकांच्या खालचं बटण
ताज्या फ्लेक्सचा वास आला की उचगावच्या मित्रासोबत भागीदारीत काढलेली वेबसाइट आठवते आणि डोकं फिरतं. लोकांनी मिक्सरची माहिती वाचायची, बटण दाबून दुसऱ्याच्या दुकानातून तो घ्यायचा आणि कमिशन आम्हाला, एवढा साधा धंदा. बटण मी सगळ्यात वर ठेवलं होतं, मोठं, नारिंगी. नेट कॅफेत ते बघून भागीदार म्हणाला, "आपलं फोटो कुठं हायत?" मग त्याचा फोटो आला, खाली शुभेच्छुक म्हणून मंडळाची सगळी पोरं आली. "अरे, बटण तळाला गेलं," मी वैतागून म्हणालो. "जाऊ दे की. बटणाला काय तोंड हाय व्हय?" पोरं आपापले फोटो बघून जायची, मिक्सरपर्यंत कुणी उतरलंच नाही. अजूनही चौकात नवा फ्लेक्स लागला की माझी नजर आधी शुभेच्छुकांच्या खाली जाते, बटण शोधायला.